गेर, बैठक आणि पळस: फाल्गुन-चैत्रातलं फोटोंचं वेड

पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना इंदूर म्हटलं की पोहे-जिलबी आठवते, सराफ्यातला खाऊबाजार आठवतो आणि हल्ली स्वच्छतेतला पहिला नंबर. ठीक आहे, त्यात खोटं काही नाही. पण कधी फाल्गुनात या ना, होळी होऊन गेल्यावर, जेव्हा तुमच्याकडे सगळे कानामागचा रंग घासून कामाला लागलेले असतात तेव्हा. आमच्याकडे धुळवड ही नुसती रंगीत तालीम असते, खरा प्रयोग पाच दिवसांनी, रंगपंचमीला, आणि त्या दिवशी जी गेर निघते ती बघितल्याशिवाय इंदूर बघितलं म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले त्यात एक कुर्ता कायमचा गेला तरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेर म्हणजे रंगांची मिरवणूक. वेगवेगळ्या कॉर्नरच्या, क्लबांच्या गेरी असतात, टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर, मॉरल क्लब ही जुनी नावं, आणि सगळ्या गोराकुंड, खजुरी बाजार करत राजवाड्याकडे येतात. ढोल, बँड, डीजे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पाण्याचे टँकर आणि ती मशिनं ज्यांना इकडे मिसाइल म्हणतात, त्यातून गुलाल आणि रंगाचं पाणी असं काही उडतं की वरच्या मजल्यावर सुरक्षित बसलेल्या काकूही सुटत नाहीत. होळकरांच्या काळी राजा-प्रजा एकत्र रंग खेळायचे, त्यातून हे आलं असं सांगतात. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे गेर निघालीच नाही, त्यामुळे २०२२ ला जेव्हा निघाली तेव्हा लोक आधीच्या दोन वर्षांचा बॅकलॉगही त्याच दिवशी काढत होते.

मी फोटो काढते, धंदा म्हणून नाही, नोकरी वेगळी आहे आणि तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण गाणं-बजावणं, रस्त्यावरची मिरवणूक, वसंतातली झाडं हे तीन विषय दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता मला बोलवतात, आणि बऱ्याच वर्षांच्या नादानंतर एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झालीये, ती म्हणजे गाण्याबजावण्याचा फोटो डोळ्यानं काढायला गेलात की उशीर होतोच. डोळ्याला दिसलं, मेंदूला कळलं, बोटानं दाबलं, यात पाव सेकंद तरी जातो आणि तोवर गवयाचा हात खाली आलेला असतो. कानाला मात्र आधी कळतं. आपलं संगीत तर बांधलंच असं आहे की पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला आधी कळावं आणि ते आलं की त्यानं मान डोलवावी.

हे मला शिकवलं माझ्या भाच्यानं, तो तबला शिकतो. मी बैठकीत बसून मनातल्या मनात मात्रा मोजत होते, तर म्हणाला, "मावशी, तू मोजू नकोस गं, मुखडा ऐक. मुखडा आला की सम आलीच." मुखडा म्हणजे बंदिशीचं तोंड, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. आणि खरंच, विलंबित ख्यालात, समजा झुमरा ताल लावलाय, चौदा मात्रांचा, लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, जवळपास मिनिटभर चालतं, त्यात मोजत बसलात तर फोटो राहिला बाजूला, गाणंही जाईल. पण गायक आलापी करता करता बंदिशीचं तोंड उचलतो ना, ते ऐकू आलं की कॅमेरा डोळ्याला लावायला भरपूर वेळ असतो. तोपर्यंत कॅमेरा मांडीवर, आपण श्रोते.

आता नेमकं दाबायचं कधी? सगळ्यांना वाटतं समेवर. माझं म्हणणं, समेवर नाही. समेवर हात मांडीवर आपटतो, मान खाली जाते आणि चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटतो. त्याच्या किंचित आधी, म्हणजे मुखडा संपत आलाय, हात वर आहे, भुवया चढल्यात, तबलजी गायकाकडे बघतोय, हा एक फोटो. आणि समेनंतरचा अर्धा श्वास हा दुसरा, जेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसतात. तिहाई असेल तर काम आणखी सोपं, कारण तोच तुकडा तीनदा येणार हे ठरलेलं. पहिल्यांदा आला की सावध व्हा, दुसऱ्यांदा फ्रेम नीट करा, तिसऱ्याच्या शेवटाआधी दाबा. आणि एखाद्या वेळी तिसऱ्या वेळेला कॅमेरा स्टेजवरून काढून सरळ श्रोत्यांकडे फिरवा, कारण इंदूरचा श्रोता गप्प बसणारा नाही, पहिल्या रांगेतले आजोबा हात उंचावून "क्या बात है" म्हणणार म्हणजे म्हणणारच. माझ्याकडचे गाण्याचे जे बरे फोटो आहेत त्यातल्या बऱ्याच फोटोंमध्ये गायक नाहीच.

गायकागणिक हे बदलतं हेही खरं. उस्ताद अमीर खाँ आमच्या इंदूरचे (१९१२ ते १९७४), त्यांचे जुने कृष्णधवल फोटो बघा, डोळे मिटलेले, हात जवळपास स्थिर, हावभाव नाहीत. अशा गवयाचा फोटो काढणाऱ्याला मुखडा-बिखडा धरून काही मिळणार नाही, तिथे सगळी मदार उजेडावर आणि कोनावर. उलट काही जण हवेतून सूर ओढून आणतात, जमिनीवर रेघा मारतात, त्यांच्या बाबतीत हातच सगळं सांगतात. आणि माइक! तो मेला माइक नेहमी तोंडासमोर. अगदी समोर बसायचा मोह टाळायचा आणि तिरकं बसायचं, म्हणजे माइकचा गोळा गालापासून सुटा दिसतो.

आवाजाबद्दल मात्र कडक नियम. आलाप चालू असताना शटरचा खटका म्हणजे पाप. एकदा शेजारच्या काकांनी हळूच वाकून विचारलं, "ताई, याचा आवाज बंद करायची काही सोय नसते का हो?" फार अदबीनं विचारलं म्हणून जास्त लागलं. आता मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट शटर असतं पण त्याची वेगळीच गंमत आहे. तो इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतो, आणि एलईडीचे दिवे आपल्याला स्थिर वाटले तरी लुकलुकत असतात, त्यामुळे फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, म्हणून शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर बरेचदा पट्टे जातात, स्टेजच्या एलईडीचं गणित मात्र वेगळं असतं, तिथे दोन-चार ट्रायल मारून बघायच्या. नाहीतर साधं मेकॅनिकल शटर आणि द्रुत लयीत तबला तापला की त्याच्या आवाजाखाली दाबून घ्यायचं. ५० एमएमची एफ १.८ लेन्स, आयएसओ ३२०० नाहीतर ६४००, शटर १/१२५ च्या आसपास, एवढ्यात बैठकीचं काम भागतं. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत. फ्लॅशचं नावही काढू नका.

आणि हे दिवे लावणारे लोक, यांच्याशी माझं जन्माचं वैर आहे. बागेश्री चाललाय, रात्र रंगलीये, आणि गवयाच्या तोंडावर जांभळा-गुलाबी झोत! कुठल्या हॉलमध्ये ते सांगत नाही, सगळीकडेच हे चालू आहे. असा एकरंगी झोत पडला की सेन्सरचा एकच चॅनल (लाल, हिरवा, निळा यांतला) भरून वाहतो, चेहऱ्याची कातडी प्लास्टिकची दिसते आणि नंतर व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, काही परत येत नाही. असे फोटो मी सरळ कृष्णधवल करते. लोक म्हणतात काय आर्टिस्टिक, त्यांना काय सांगणार.

गेरीत या सगळ्याचं उलटं. तिथे सम-बिम काही नाही, एका बाजूनं डीजे, दुसऱ्या बाजूनं बँड, मधे ढोल, प्रत्येकाची लय निराळी. तरी कान कामाला येतो बरं का. मिसाइलच्या मशिनचा आवाज फवारा सुटायच्या आधी चढतो, आणि आजूबाजूची पोरं त्याआधीच ओरडायला लागतात, तेवढ्यात दोन पावलं मागे सरून कॅमेरा उचलायचा. पाणी गोठवायचं तर १/१००० हवं, आणि मला जास्त आवडतं ते १/३०, त्यात नाचणारे सगळे फरफटलेले येतात आणि एखादाच थांबलेला माणूस, बहुतेक पोलिसवाला, स्पष्ट उभा दिसतो.

ऑटोफोकस गुलालात वेडा होतो, हवेतल्या धुळीवरच फोकस करत बसतो, म्हणून तो बंद करायचा. २४ एमएम लावायची, एफ ८, फोकस हातानं तीन मीटरवर ठेवून द्यायचा, मग दीड-दोन मीटरपासून पार दूरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. गुलालाचा ढग उन्हात चमकतो, कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे आणि तो फोटो काळवंडून टाकतो, तेव्हा कॅमेऱ्याच्या लाइट मीटरवर आंधळा विश्वास नको. शक्य असेल तर सूर्य गुलालाच्या ढगामागे घ्यायचा, समोरून ऊन पडलेला गुलाल नुसता गुलाबी भिंतीसारखा येतो, मागून ऊन आलं की त्याला खोली येते.

पाण्याची भीती सगळ्यांना असते, पण खरा शत्रू कोरडा गुलाल. पाणी पुसता येतं, गुलाल झूमच्या रिंगमध्ये शिरला की वर्षभर किरकिर ऐका. दुधाच्या जाड पिशवीपासून रेनकव्हरपर्यंत काहीही चालेल, लेन्सच्या तोंडाशी टेप, पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर, आणि रस्त्यावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. फोन असेल तर त्या गळ्यात अडकवायच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. फोनचे फोटो वाईट येतात हे मी मानत नाही, गेरीत तर फोनवाल्याला दोन्ही कोपर मोकळे मिळतात, ते फार मोलाचं.

राजवाड्याचा पोस्टकार्ड फोटो हवा असेल तर त्या दिवशी येऊ नका. सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, १९८४ ला जळून नंतर पुन्हा उभा केलेला, त्याला रंगाचा मार नको म्हणून गेरीच्या आधी ताडपत्र्या बांधतात. बाहेरून आलेले फोटोवाले बघून हिरमुसतात. मला ताडपत्रीतला राजवाडाच आवडतो, सगळं शहर रंगलंय आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस रेनकोट घालून बसलंय.

बाईमाणसानं गेरीत एकटं कॅमेरा घेऊन शिरावं का? नाही, स्पष्ट सांगते, नाही. गर्दी ही गर्दीच असते, रंगाच्या नावाखाली हात कुठेही जातात. आम्ही तीन-चार जणी मिळून जातो आणि कडेच्या दुकानाच्या पायऱ्या धरून राहतो. हल्ली गच्च्यांवर बसून गेर बघायची बुकिंगही होतात, कुटुंबं निवांत बघतात, छान आहे. पण फोटोसाठी चौथ्या मजल्याची गच्ची निरुपयोगी, नुसती डोकी दिसतात, गुलाबी, हिरवी, गुलाबी. रस्त्यावर उभं राहा तर पुढच्याची पाठ. खरी जागा पहिल्या मजल्याची खिडकी, जिथून चेहरे वर बघताना मिळतात, कारण वरून कुणीतरी बादली ओततंय का ते सगळेच बघत असतात.

आणि गेर संपली म्हणून घरी पळू नका. शेवटची ट्रॉली पुढे सरकत नाही तोच मागून नगर निगमच्या सफाई मित्रांची फौज येते, झाडू, मशिनं, पाण्याचे टँकर. काही तासांत रस्ता पूर्ववत. तोवर ऊन उतरलेलं असतं, सकाळचा भगभगीत उजेड गेलेला, रस्त्यावर गुलालाचा थर, त्यात शेकडो अनाथ चपला, आणि नारिंगी जॅकेटमधल्या मावश्या एका ओळीत झाडत येताहेत, त्यांच्याही गालाला कुणीतरी रंग लावलेला. मी विचारून फोटो काढते. एक मावशी म्हणाली, "ले ले बेटा, पर चप्पल के साथ मत लेना." बरोबरच आहे.

दीनदयाळांचं मला इथे नेहमी आठवतं. लाला दीनदयाळ, पुढे निजामाचे राजा दीनदयाळ झाले ते, १८६६ मध्ये रुडकीहून शिकून इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी फोटोग्राफी धरली, तुकोजीराव महाराजांनी पाठबळ दिलं. म्हणजे नोकरी सांभाळून फोटो काढायची इंदूरची परंपरा दीडशे वर्षांची आहे, हे मी घरी अधूनमधून ऐकवत असते. पण तेव्हाच्या काचेच्या प्लेटा, तिपाई, लांब एक्स्पोजर, हलायचं नाही. त्या माणसाला गेरीचा फोटो काढता आला नसता. पुढे दुसरे यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे यांचे फोटो मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरनं युरोपात काढले, ते बघा, दरबारी थाट बाजूला ठेवून एकमेकांना बिलगलेले तरुण नवरा-बायको. राजेलोकांचे इतके मोकळे फोटो मी दुसरे पाहिले नाहीत.

गेरीनंतर दहा दिवसांनी पाडवा. आमच्या मराठी वस्त्यांत, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग, सकाळी सकाळी गुढ्या, आणि शोभायात्रेत ढोल-ताशा. इथे पुन्हा कान. ताशा आधी कडकडत चढत जातो, मग क्षणभर सगळ्या ढोलांचे टोल (वाजवायच्या काठ्या) एकदम वर जातात आणि एकदम पडतात. वर असताना दाबायचं. पडताना दाबलंत तर फोटोत नुसत्या वाकलेल्या पाठा. ताशेवाल्याच्या जवळ उभं राहायचं म्हणजे कळतं, आणि कानात कापूस, नाहीतर संध्याकाळपर्यंत घरच्यांचं बोलणं ऐकू येत नाही. (काहींना ही सोय वाटेल.)

झाडांचं थोडक्यात सांगते कारण झाडं थांबतात, त्यांना फार शिकवणी लागत नाही. आधी काटेसावर, इकडे सेमल म्हणतात, मग पळस. शहरात रेसिडेन्सीच्या बाजूला मोठी जुनी झाडं आहेत, पण पळस बघायचा तर खंडवा रोडनं सिमरोल-चोरलकडे जायचं, पानं गळालेली, काळसर मखमली कळ्या आणि केशरी फुलं. दुपारी गेलात तर तो केशरी रंग कॅमेऱ्यात फुटतो, तपशील राहत नाही, म्हणून सकाळी आठच्या आत, आणि एक्स्पोजर थोडं कमी. पळसावर मध प्यायला बुलबुल, मैना, सूर्यपक्षी येतात, फांद्यांत ते दिसायच्या आधी ऐकू येतात. झालंच तर त्या रस्त्याला अजून चहा चांगला मिळतो.

चैत्र शुद्ध तृतीयेला मात्र माझी धांदल होते. बाहेर माळवी-निमाडी बायकांची गणगौर, धणियर राजा आणि रणुबाईच्या मूर्ती, बायका गाणी म्हणत चाललेल्या, आणि घरात त्याच दिवशी आमची चैत्रगौर झोपाळ्यात बसते. आत्याबाईंचा हुकूम, "आधी डाळ वाट, मग कुठे जायचं ते जा." कैरीची डाळ, पन्हं, हळदीकुंकू, भिजवलेले हरभरे, आणि खिडकीतून येणारा एप्रिलचा उजेड, त्यात पितळेची गौर इतकी सुंदर दिसते की कुठलाही लाइट लावायची गरज नाही, उलट ट्यूबलाइट बंद करायची. आत्याबाई लगेच म्हणतात अंधार का केला. गणगौरीच्या गाण्यांत एक बाई ओळ उचलते आणि बाकीच्या झेलतात, उचलणारीकडे नाही, झेलायला तोंड उघडणाऱ्यांकडे कॅमेरा ठेवावा, दहा तोंडं एकाच स्वरावर उघडलेली मिळतात.

हेच माळव्यातल्या कबीर-भजनाच्या मंडळ्यांचं. प्रल्हादसिंह टिपाणियांमुळे (त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली) बाहेरच्या लोकांना या मंडळ्या माहीत झाल्या, पण इकडच्या खेड्यांत रात्र-रात्र गाणाऱ्या किती मंडळ्या आहेत. एका हातात तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, दोन्ही एकदम वाजतात आणि वर गाणं, मधेच थांबून पदाचा अर्थ सांगणं. या बोलण्याच्या वेळी सगळे फोटोवाले कॅमेरा खाली ठेवतात. मी तेव्हाच उचलते. ढोलकवाला तेव्हा बिडी शोधत असतो, कुणी मंजिरीचा दोर बांधत असतो, गाणारा समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलत असतो.

फोटो काढले की द्यायचे, हा माझ्याकडचा एकमेव धर्म. नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर, तेही डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते आवळून टाकतं. आणि मजा बघा, मला आवडलेला फोटो त्यांना कधीच आवडत नाही. भजनमंडळीच्या प्रमुखांना बिडीवाला फोटो नको, त्यांना हवा सगळे ओळीत, सगळ्यांचे डोळे उघडे, मागे बॅनर वाचता येतंय असा. गवईबुवांना तोंड वाकडं झालेली तान नको, हसरा, शाल घातलेला हवा. तेव्हा आता मी दोन्ही काढते, आधी त्यांचा, मग माझा. पाडव्याच्या पथकातल्या पोरी तेवढ्या घामानं भिजलेले, दात-ओठ खाल्लेले फोटो आवडीनं डीपीला लावतात, हा पिढीतला फरक असावा.

पुढच्या रंगपंचमीसाठी आत्तापासून सांगून ठेवते. खजुरी बाजार किंवा गोराकुंडाच्या बाजूला कुणाची, कुणाच्या मामांची, मामांच्या भाडेकरूची, पहिल्या मजल्याची खिडकी असेल तर कळवा भिया लोक. दोन बायका आणि एक कॅमेरा मावेल एवढी पुरे. पोहे-जिलबी आमच्याकडून, पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण वेगळं बांधून आणू, आणि जाताना खिडकीखालची भिंत पुसून देऊ.